साखळीचे बोलणे ऐका

वाचकहो, शेंदूरजनाघाटात कुणाकडे कुर्ल्याच्या कारखान्यातली जुनी फियाट असेल, तर तिचे बोलणे ऐका. इंजिनाच्या पुढच्या झाकणाआडून खडखड येते काय? आधी तेल पाहा. पंख्याचा पट्टा काढून क्षणभर इंजिन चालवा. आवाज थांबला, तर दोष पंपाचा किंवा डायनामोचा. वरून टिकटिक आली, तर टॅपेटचा. नाहीतर संशय टायमिंगच्या साखळीवर. मग इंजिन बंद करून डिस्ट्रिब्यूटरचे टोपण काढा अन् क्रँकची पुली पान्याने मागेपुढे फिरवा. रोटर बराच उशिरा हलला, म्हणजे साखळी सैल झाली. नुसती साखळी बदलून भागत नाही. झिजलेली दातेरी चाकेही बदला, खुणा जुळवूनच. चालढकल केली, तर साखळी दाता चुकवील, झडपा अवेळी उघडतील अन् संत्र्यांच्या पेट्यांसकट गाडी वरुडच्या वाटेत बसेल.