बंदुकीशिवाय शिकार : रानकोंबड्याच्या मागावर पहिली पावलं

गेल्या दिवाळीत अमेरिकेतल्या मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या आतेभावानं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. डोक्यावर भगभगीत नारिंगी टोपी, हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात कोंबडीएवढा तपकिरी पक्षी. तो पक्षी म्हणजे ग्राऊस. तिकडच्या उत्तरेकडच्या जंगलांत सप्टेंबरच्या मध्यापासून त्याच्या शिकारीचा हंगाम असतो. परवाना काढावा लागतो, बंदूक सुरक्षितपणे वापरण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि एका दिवसात किती पक्षी मारायचे याचीही मर्यादा असते.

आठवीतल्या माझ्या भाच्यानं तो फोटो मोठा करून करून पाहिला आणि विचारलं, "मामा, आपल्याकडं का नाही चालत? आपल्या जंगलात पण रानकोंबडे आहेत की. पणजोबा मारत होते ना?"

मारत होते. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. आज्जांकडं शेतीच्या राखणीसाठी म्हणून परवान्याची ठासणीची बंदूक होती. त्यांच्या माघारी ती पोलीस ठाण्यात जमा झाली. भिंतीवर आता नुसती खुंटी उरली आहे. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तरी पुढं काही वर्षं गावागावांत चोरून बार वाजत होते. आज्जा त्यात अजिबात नव्हते, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

भाच्याचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "माझा एक मित्र म्हणतो, ओळख असली तर रानकोंबडीचा रस्सा मिळतो. खाऊन बघायला काय हरकत आहे?"

हरकत आहे, आणि मोठी आहे. कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फास लावणं, जाळं टाकणं, आमिष दाखवून पकडणं, अंडी आणि घरटी मोडणं, इतकंच काय, यातलं काही करायचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. अभयारण्यात शिकार केली तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे. शिकारीचं मटण विकत घेणारा आणि खाणाराही कायद्यातून सुटत नाही.

पण नुसतं "नाही" म्हणून पोरांचं समाधान होत नाही. त्याला पणजोबांची बंदूक नको होती. पहाटे रानात जाण्यातला थरार हवा होता. आणि तो थरार आजही मिळतो. नवख्या शिकाऱ्याला पूर्वी जे जे शिकावं लागायचं, ते सगळं आजही शिकता येतं. फक्त शेवटचा बार वगळायचा. आज्जांकडून ऐकलेलं आणि नंतर स्वतः धडपडून शिकलेलं, जे मी भाच्याला सांगितलं, तेच इथं लिहितो आहे.

कोणाच्या मागावर जायचं?

ग्राऊस भारतात नाही. पण जमिनीवर चरणारे, जिवावर आलं की भर्रकन उडणारे त्याचे दूरचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीत भरपूर आहेत. त्यातला मानाचा गडी म्हणजे राखी रानकोंबडा. हा फक्त भारतातच सापडतो. नराच्या अंगावर करड्या रंगाची नक्षी, शेपूट काळसर जांभळी आणि विळ्यासारखी वळलेली. मानेवरच्या पिसांवर मेणाचे थेंब चिकटावेत तसे पिवळे-पांढरे चकचकीत ठिपके असतात. हीच पिसं त्याच्या मुळावर आली. परदेशात मासेमारीच्या गळावर लावायच्या कृत्रिम माशा बनवायला त्यांना मोठी मागणी होती. मादी तपकिरी, पोटाकडं पांढऱ्यावर काळसर खवले असलेली. पाचोळ्यात ती बसली तर दोन हातांवरूनही दिसत नाही.

आपल्या खुराड्यातल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक या आपल्या राखी रानकोंबड्याकडून आलेलं आहे. म्हणजे जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या आपल्या रानाचं थोडं देणं लागतात.

याशिवाय चकोत्री आणि लावे आहेत. चकोत्री रानकोंबडीपेक्षा लहान, लालसर तपकिरी, डोळ्याभोवती लाल कातडी. बहुधा जोडीनं फिरते आणि उडण्यापेक्षा पळणं पसंत करते. लावे थव्यानं गवतात दडून बसतात. अगदी पायाखाली येईपर्यंत हलत नाहीत आणि मग फटाका फुटावा तसे चहूकडं उडतात. पहिल्यांदा अनुभवाल तेव्हा दचकालच.

आधी कान, मग डोळे

नवखा माणूस रानात शिरल्या शिरल्या डोळे फिरवायला लागतो. आज्जा म्हणायचे, पहिली पंधरा मिनिटं डोळे मिटून बसलास तरी चालेल. रानकोंबडा आधी ऐकू येतो, मग दिसतो. त्याची बांग गावठी कोंबड्यासारखी लांबलचक नसते. तुटक, जरा घोगरी, चार-पाच ठोक्यांत संपणारी असते. पहाटे आणि संध्याकाळी तो बांग देतो. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात ती जास्त ऐकू येते. पावसाळ्याच्या सुमारास नराची मानेवरची झगमगीत पिसं गळतात आणि तोही गप्प गप्प राहतो.

दुसरा आवाज पाचोळ्याचा. सातभाईंचा थवा पाचोळ्यात नुसता गोंधळ घालतो. रानकोंबडी मात्र दोन-तीनदा जोरानं उकरते, मग थांबते. खर्र, खर्र, शांतता. ही शांतता ओळखता आली की निम्मं काम झालं. ती उकरलेल्या जागेत काय निघालं ते बघत असते आणि त्याच वेळी तुमचाही कानोसा घेत असते.

कुठं शोधायचं?

घनदाट रानाच्या मधोमध जायची गरज नाही. जमिनीवरचे पक्षी कडेला असतात. रान संपून शेत सुरू होतं ती कड, ओहोळाचा काठ, बांबूची बेटं, घाणेरीची झुडपं. दाणे, फळं आणि वाळवी मिळेल तिथं रानकोंबडा येणार. बांबू किंवा कारवी बियांवर आली, की तिथं ते गोळा होतात.

आमच्या बाजूला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट हा सगळा पट्टा यासाठी उत्तम आहे. त्याला लागून खानापूर तालुक्यात 2011 साली घोषित झालेलं भीमगड अभयारण्य आहे, आणि पलीकडं गोव्यात म्हादई आणि मोलेमची अभयारण्यं. अभयारण्यात पाऊल टाकायच्या आधी वनखात्याची परवानगी घ्या, ठरवून दिलेल्या वाटांवरच राहा. परवानगी मिळाली नाही तरी बिघडत नाही. रानातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याच्या कडेला पहाटे जितके रानकोंबडे दिसतात, तितके आतही दिसत नाहीत.

त्यासाठी एक सोपी युक्ती. उजाडायच्या आधी पोचा, गाडी रस्त्यापासून नीट बाजूला घ्या, इंजिन बंद करा, काच खाली करा आणि आत बसून राहा. पक्षी माणसाला घाबरतात, पण थांबलेल्या गाडीकडं सहसा दुर्लक्ष करतात. आणि हो, अशा रस्त्यांवर पहाटे गाडी हळू चालवा. शिकारी टळला आणि चाकाखाली सापडला, असं व्हायला नको.

चालण्यापेक्षा थांबा

आतेभावानं सांगितलेली एक गोष्ट मला फार पटली. ग्राऊसच्या मागावर असताना तिकडचे जुने शिकारी दहा-वीस पावलं चालतात आणि मग एकदम थांबतात. माणूस सारखा चालत राहिला, तर दडलेला पक्षी तसाच बसून राहतो. माणूस थांबला की त्याला वाटतं, आपण सापडलो. मग तो हलतो.

आज्जांचं तंत्र हेच होतं. आपल्याला मात्र पक्ष्याला घाबरवून उडवायचं नाही, म्हणून थांबायचं ते झाडाला टेकून आणि बराच वेळ. उगाच मान वळवायची नाही, बोट दाखवायचं नाही. भाच्याची पहिली फेरी फुकट गेली ती इथंच. पांढरा शुभ्र टी-शर्ट, चालताना खसखस वाजणारं जाकीट आणि दर दोन मिनिटांनी "मामा, दिसला का?" रानकोंबडा सोडा, त्या दिवशी खारसुद्धा दिसली नाही. दुसऱ्या वेळी मातकट रंगाचा जुना सुती शर्ट घातला आणि मोबाइल गाडीत ठेवला.

जमीन वाचा

पक्षी दिसला नाही तरी त्याचं पत्र वाचता येतं. उकरलेला पाचोळा आणि त्याखालची ओलसर माती म्हणजे आजच सकाळी कोणीतरी येऊन गेलं. मऊ धुळीत परातीसारखा खळगा दिसला तर ती धुळीत अंग घुसळायची जागा. तिथं एखादं पीसही सापडेल. ते बघा, फोटो काढा आणि तिथंच ठेवा. ओहोळाच्या चिखलात पुढं तीन बोटं आणि मागं एक, असा ठसा शोधा. फारच मोठा असेल तर मोर किंवा लांडोर.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, आवाज, ठसे, काय खात होता, सगळं लिहा. वर्षभरानं ती वही उघडाल तेव्हा कळेल, की तुम्हाला आता हे रान ओळखू येतं.

जपून राहा

या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत. पहाटे एकट्यानं जाऊ नका. घरात सांगून, आणि शक्य तर वाटा माहीत असलेल्या गावातल्या माणसाला बरोबर घेऊन जा. गवा दिसला तर फोटोसाठी पुढं न सरकता, आवाज न करता मागं या. पायांत बूट हवेत आणि पाचोळ्यात हात घालायचा नाही, कारण साप पाचोळ्याच्याच रंगाचे असतात.

उन्हाळ्याच्या तोंडाला गोचिडांची काळजी घ्या. गोव्यात सत्तरीत, सिंधुदुर्गात दोडामार्गला आणि आपल्या भागातही माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमार्फत पसरतो. पूर्ण बाह्या, पॅंट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर कपडे धुऊन गरम पाण्यानं अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

हे करू नका

मोबाइलवर बांग वाजवून कोंबड्याला बोलावू नका. त्याला वाटतं दुसरा नर घुसला, आणि तो चरणं सोडून भांडायला येतो. फेब्रुवारी ते मे हा साधारण विणीचा काळ. या दिवसांत घरटं दिसलं तर लगेच मागं फिरा, त्याची जागा कोणाला सांगू नका. कुत्रं घरी ठेवा. आणि वाटेवर तारेचा किंवा दोरीचा फास दिसला तर स्वतः हिरोगिरी न करता जागा नीट लक्षात ठेवा आणि वनखात्याला कळवा. फास लावणारा जवळपास असू शकतो.

बंदुकीकडून दुर्बिणीकडं

भारतातले सर्वात मोठे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांची सुरुवात बंदुकीपासूनच झाली होती, हे पुष्कळांना माहीत नसतं. मुंबईत वाढलेल्या या मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे कोणाला सांगता येईना, म्हणून मामानं त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरून ठेवलेले पक्ष्यांचे नमुने दाखवले. पुढचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नातून उभं राहिलं.

आमच्या आज्जांच्या बाबतीत असं काही मोठं घडलं नाही. त्यांनी बंदूक का सोडली, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "घरामागच्या ओहोळात एक कोंबडा रोज बांग द्यायचा. एके दिवशी त्यालाच पाडला. दुसऱ्या दिवशी उजाडलं, पण ओहोळातनं आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. मग काय, खुंटीला लावली."

भाच्याला मी हे पहिल्यांदा सांगितलं नव्हतं. जानेवारीतल्या तिसऱ्या फेरीत सांगितलं. आम्ही त्याच ओहोळाच्या काठावर बसलो होतो. सात वाजत आले होते, थंडीनं बोटं आखडली होती. बांबूच्या बेटामागून ती तुटक बांग आली आणि थोड्या वेळानं तो स्वतःच बाहेर आला. मागं दोन माद्या. जेमतेम अर्धा मिनिट उकरलं आणि पलीकडं गेले.

फोटो काढायचं भाच्याला सुचलंच नाही. घरी आल्यावर त्यानं वहीत तारीख लिहिली आणि पुढं लिहिलं : एक नर, दोन माद्या, ओहोळ.

तुम्हीही या हिवाळ्यात एक पहाट काढून बघा. आणि घरात कोणी आजोबा-पणजोबा जुन्या शिकारीच्या गोष्टी सांगणारे असतील, तर जायच्या आधी तासभर त्यांच्याजवळ बसा. कुठल्या ओहोळाला कुठला पक्षी येतो, हे त्यांच्याइतकं दुसरं कोणी सांगू शकणार नाही.