बोरच्या डोंगरकुशीतील पाहुणघर

बोर अभयारण्यास २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. अरण्य पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांकरिता शेतावर एखादी खोली बांधावी, असा विचार त्या बाजूच्या अनेक शेतकरी बंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु कर्ज काढून सिमेंटची खोली बांधावयाची व वर पत्रा घालावयाचा, तर वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा तीत कोण राहील? थंडाव्याचे यंत्र बसविल्यास विजेचे देयकच मिळकत गिळून टाकील.

याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच उभे आहे. गांधीजी १९३६ साली शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले. तेथील बापूकुटी माती, बांबू, लाकूड व कवेलू यांची आहे. जाड भिंती उन्हाचा ताप सावकाश आत येऊ देतात. पुढे आलेले छप्पर भिंतींस ऊन व पाऊस लागू देत नाही.

मात्र काळी माती भिंतीस वापरू नये. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. भिंतीस पांढरी माती घ्यावी, पाया मुरमापर्यंत न्यावा, जोते उंच ठेवावे. मृगापूर्वी कवेलू फेरून घ्यावे व पावसाळा सरताच भिंती लिंपाव्या. ही दरसालची मेहनत खरीच. पण तिची मजुरी गावातच राहते. न्हाणीचे पाणी केळीस द्यावे. बांधण्यापूर्वी ग्रामपंचायत व वनखाते यांस विचारण्यास मात्र विसरू नये.