पसरणे आणि आवरणे

२०११ च्या जनगणनेत उज्जैनची लोकसंख्या ५ लाख १५ हजार होती. पाच वर्षांनी, २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या सिंहस्थाच्या महिन्यात, त्याच शहरात कोट्यवधी माणसे येऊन गेली. क्षिप्रेच्या काठाने सुमारे तीन हजार हेक्टरांवर तंबू, नळ, विजेचे खांब, दवाखाने आणि पोलीस चौक्या उभ्या राहिल्या. त्यातली बरीचशी जमीन शेतीची. मेळा उठला, माळव्यात पाऊस आला आणि शेतकरी पुन्हा सोयाबीनच्या पेरणीला लागले. त्याच वर्षी २७ जूनला अमेझॉनने मुंबईत आपले क्लाउड केंद्र, म्हणजे जाळ्यावरून संगणक भाड्याने देणारे केंद्र, सुरू केले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण क्लाउडची जी गोष्ट समजावताना मला सर्वांत जास्त शब्द खर्चावे लागतात, ती उज्जैनच्या माणसाला मेळ्याची आठवण करून दिली की लगेच कळते.

त्या गोष्टीला इंग्रजीतून आलेला शब्द इलॅस्टिसिटी. मराठीत तिला सर्रास ‘लवचिकता’ म्हणतात आणि तिथेच अर्थ निसटतो. लवचिक म्हणजे वाकणारे. शाळेच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात यासाठी फार नेमका शब्द होता, ‘स्थितिस्थापकता’. ताण दिला की बदलायचे आणि ताण गेला की मूळ स्थितीत परत यायचे. रबरापेक्षा पोलाद अधिक स्थितिस्थापक असते हे वाचून वर्गातले सगळे चकित व्हायचे, कारण आमच्या डोक्यात फक्त ताणले जाणे होते. परत येण्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. क्लाउडबद्दल आजही बहुतेकांचे तसेच झाले आहे.

अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या केली. जगभर तीच वापरली जाते. तिच्यात पाच आवश्यक गुण आहेत आणि ‘झटपट स्थितिस्थापकता’ हा त्यातला एक. बाकीचे चार म्हणजे हवे तेव्हा स्वतःच घेता येणे, जाळ्यावरून कुठूनही पोहोचता येणे, साधनांचा सामायिक साठा आणि वापराचे मोजमाप. २०१३ मध्ये हर्ब्स्ट, कूनेव्ह आणि रॉयस्नर या संशोधकांनी स्थितिस्थापकता म्हणजे काय आणि काय नव्हे यावर एक निबंध लिहिला. त्यांची कसोटी साधी आहे. मागणीप्रमाणे यंत्रणेने आपणहून साधने घ्यावीत आणि आपणहून सोडावीत. कोणत्याही क्षणी हाताशी असलेली साधने आणि खरी गरज यांच्यात शक्य तितके कमी अंतर असावे. म्हणजे घेतलेले सोडणे हा व्याख्येचा निम्मा भाग आहे.

इथेच ती विस्तारक्षमतेपासून वेगळी होते. विस्तारक्षमता विचारते, ‘भार दहापट झाला तर यंत्रणा दहापट मोठी करता येईल का?’ त्यात वेळेची अट नाही. विस्ताराच्या वाटाही दोन. एकच यंत्र अधिक ताकदीचे करायचे, किंवा त्याच ताकदीची आणखी यंत्रे शेजारी लावायची. उज्जैनच्या रामघाटाच्या पायऱ्या कितीही रुंद केल्या तरी एका घाटाला मर्यादा असते. म्हणून नदीकाठाने घाट वाढवत नेले जातात आणि बंदोबस्तावरचे पोलीस गर्दीला या घाटावरून त्या घाटावर वळवतात. क्लाउडमध्ये लोड बॅलन्सर नेमके हेच वळवण्याचे काम करतो. पण वाढवलेला घाट मेळ्यानंतरही तिथेच असतो. तो विस्तार झाला. स्थितिस्थापक असतो तो तंबू.

व्यवहारात हे २००६ पासून सुरू झाले. त्या मार्चमध्ये अमेझॉनने माहिती साठवण्याची आणि ऑगस्टमध्ये यंत्रे भाड्याने देण्याची सेवा आणली. भारानुसार यंत्रे आपोआप वाढवणारी-घटवणारी सोय २००९ मध्ये आली. भाडे आधी तासावर होते, २०१७ मध्ये ते सेकंदावर आले. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. तासाचे भाडे असताना दहा मिनिटांचे काम संपले तरी यंत्र लगेच सोडण्यात काही फायदा नव्हता. सेकंदाच्या मोजणीने आवरण्याला किंमत आली. बर्कलीच्या संशोधकांनी २००९ च्या अहवालात एक हिशेब मांडला होता. हजार यंत्रे एक तास वापरली काय आणि एक यंत्र हजार तास वापरले काय, भाडे तेवढेच. संगणकाच्या जगात पूर्वी मोठेपणा असा तासावर भाड्याने मिळत नव्हता.

मग आपोआप वाढ होते कशी? यंत्रणा सतत काहीतरी मोजत असते, बहुधा प्रोसेसर किती व्यग्र आहे किंवा किती विनंत्या खोळंबल्या आहेत. ठरवलेला उंबरठा ओलांडला की नवे यंत्र मागवले जाते. नवशिक्या माणसाला वाटते की उंबरठा ९५ टक्क्यांवर ठेवावा, पैसे वाचतील. रांगेचे गणित त्याला खोटे पाडते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले एर्लांग यांनी १९०९ मध्ये या गणिताचा पाया घातला. एका खिडकीची साधी रांग घ्या, माणसे हवी तेव्हा येणारी आणि प्रत्येकाच्या कामाचा वेळही अनियमितपणे कमीजास्त. खिडकी निम्मा वेळ व्यग्र असेल तर सरासरी ताटकळणे एका माणसाच्या कामाइतके असते. खिडकी ९० टक्के व्यग्र झाली की ते नऊपट होते आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. त्या पाच टक्क्यांत रांग दुपटीहून लांब होते. म्हणून जाणते लोक साठ-सत्तर टक्क्यांवरच जागे होतात. ती रिकामी तीस टक्के जागा उधळपट्टी वाटते, पण नवे यंत्र येऊन कामाला लागेपर्यंतचा वेळ तीच निभावून नेते.

दुसरे सूत्र जॉन लिटल यांचे, १९६१ मध्ये सिद्ध झालेले. रांगेतली सरासरी माणसे म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. समजा महाकालाच्या दर्शनाला तासाला पाच हजार माणसे येतात आणि तेवढीच बाहेर पडतात, आणि प्रत्येकाला दोन तास लागतात. तर कोणत्याही क्षणी आवारात दहा हजार माणसे आहेत. बॅरिकेडच्या पट्ट्या दुप्पट केल्या तर उभे राहायला जागा मिळेल, दर्शन लवकर होणार नाही.

कारण गाभारा एकच आहे. आजचे महाकाल मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी उभारले. ११ ऑक्टोबर २०२२ ला महाकाल लोकचे लोकार्पण झाले आणि बाहेरचा परिसर कितीतरी मोठा झाला. ज्योतिर्लिंग जिथे होते तिथेच आहे, आणि भस्मारतीच्या वेळी समोर बसू शकणाऱ्या माणसांची संख्या भिंतींनीच ठरवली आहे. संगणकाच्या यंत्रणेतही असा एक गाभारा असतो. बहुधा तो डेटाबेस, जिथे ‘ही जागा कुणाला दिली’ हे एकाच ठिकाणी, एकाच क्रमाने नोंदवावे लागते. भस्मारतीचे ऑनलाइन आरक्षण घ्या. पाने दाखवणारी यंत्रे पाहिजे तितकी वाढवता येतील, कारण त्यांना काही लक्षात ठेवायचे नसते. एक गेले, दुसरे आले, फरक पडत नाही. पण एक जागा दोघांना जाऊ नये याची खात्री देणारी नोंद दहा ठिकाणी मोकाट वाटता येत नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो. दहा टक्के काम असे असेल, तर हजार यंत्रे लावूनही वेग दहापटीपुढे जात नाही. क्लाउडवर गेलो म्हणजे स्थितिस्थापक झालो, असे मानणाऱ्यांनी आधी आपला गाभारा शोधावा.

आता वेळेचा प्रश्न. महाकाल मंदिराच्या वरच्या मजल्यावरचे नागचंद्रेश्वराचे मंदिर वर्षातून एकदाच, नागपंचमीला, चोवीस तासांसाठी उघडते. ही गर्दी पंचांगात लिहिलेली आहे. तिच्यासाठी मोजत बसून उंबरठ्याची वाट पाहणे वेडेपणाचे ठरेल. आदल्या दिवशीच सगळे सज्ज हवे. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांच्या तत्काळ तिकिटांची सकाळी दहाची वेळ अशीच. २८ एप्रिल २०२१ ला अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविनवर कोविड लसीची नोंदणी खुली झाली तेव्हाही वेळ आधी जाहीर होती. पहिली काही मिनिटे यंत्रणा अडखळली, पण त्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली.

हॉटस्टारचे उदाहरण मला यात सर्वांत शिकवणारे वाटते. १० जुलै २०१९ ला विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. त्यांच्या अभियंत्यांनी जाहीरपणे सांगितले आहे की ते आयत्या वेळच्या आपोआप वाढीवर विसंबत नाहीत. प्रेक्षक इतक्या वेगाने चढतात की नवे यंत्र जागे होईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ते पायरी-पायरीने आधीच क्षमता वाढवून ठेवतात. आणि त्यांची खरी धास्ती उताराची असते. धोनी धावबाद झाला की लाखो लोक एकाच क्षणी सामना सोडून मागे, मुख्य पानावर येतात. सामना दाखवणाऱ्या यंत्रांवरचा भार ओसरत असतानाच मुख्य पानाच्या यंत्रांवर लोंढा आदळतो. त्या क्षणी ‘प्रेक्षक कमी झाले’ म्हणून यंत्रणेने घाईने हात आवरले, तर सगळेच कोसळेल. यासाठी घटवण्यापूर्वी काही वेळ थांबायची अट घालतात. ती नसेल तर यंत्रणा क्षणात वाढते, क्षणात घटते आणि त्या हेलकाव्यातच दमते.

पंचांगात नसलेलेही असते. २०१६ चे शाही स्नानाचे दिवस सर्वांना ठाऊक होते, ५ मेचे वादळ नव्हते. त्या दुपारी मंडप कोसळले, काही भाविकांचे प्राण गेले. ठरलेल्या गर्दीची तयारी आणि अवचित आघाताची तयारी या वेगळ्या विद्या आहेत. यंत्रणा बांधणाऱ्याला दोन्ही लागतात.

आणि ही हवी तेव्हा मिळणारी क्षमता येते कुठून? उज्जैनचा सिंहस्थ एप्रिल-मेमध्ये भरतो, तेव्हा क्षिप्रेत पुरेसे पाणी नसते. २०१६ ला भाविकांनी ज्या पाण्यात डुबकी मारली ते मुख्यतः नर्मदेचे होते. ओंकारेश्वराच्या बाजूने शेकडो मीटर उंच उचलून ते इंदूरजवळच्या उज्जैनी गावी, क्षिप्रेच्या उगमाशी सोडले जाते. या जोडणीची पायाभरणी नोव्हेंबर २०१२ मध्ये झाली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये पाणी आले. म्हणजे ‘हवे तेव्हा पाणी’ मिळण्यासाठी कुणीतरी आधी नळ, पंप आणि वीज यांवर पक्का खर्च केला होता. क्लाउडचेही असेच आहे. तुमची स्थितिस्थापकता म्हणजे दुसऱ्या कुणीतरी विकत घेऊन ठेवलेली ताठर क्षमता. सर्वांची गरज एकाच वेळी लागत नाही, या भरवशावर तो साठा चालतो. मार्च २०२० मध्ये घरून काम सुरू झाले आणि तो भरवसा डळमळला. युरोपातल्या काही केंद्रांत मायक्रोसॉफ्टला नव्या मागण्यांवर मर्यादा घालावी लागली. ढग अमर्याद दिसतो तो खालून पाहणाऱ्याला.

मग भाड्याने घ्यावे की विकत? मी पाहिलेल्या एका कामात चाचणीसाठी वाढवलेली यंत्रे दिवाळीच्या सुट्टीत कुणी बंद केली नाहीत, आणि पुढच्या महिन्याचे बिल वर्षाच्या अंदाजाला भिडले. वाढवण्याचा नियम लिहिला होता, घटवण्याचा राहिला होता. उलट, ज्यांचा भार बारा महिने सारखा असतो त्यांना ताणण्याच्या सोयीचे भाडे भरण्याचे कारणच नाही. अमेरिकेतल्या ३७सिग्नल्स कंपनीने २०२२ मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर खर्च केले आणि नंतर स्वतःची यंत्रे घेऊन बहुतांश काम बाहेर काढले. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो. त्यांना सिंहस्थ नव्हता.

उज्जैनमध्ये हा वाद जमिनीवर झाला. २०२८ च्या सिंहस्थासाठी मेळ्याच्या क्षेत्रात लँड पूलिंग करून पक्के रस्ते आणि कायमच्या सोयी उभारायची योजना सरकारने आखली. आजवर जमीन काही महिन्यांसाठी घेऊन परत दिली जात असे. आता तिचा एक हिस्सा कायमचा जाणार होता. शेतकरी विरोधात उभे राहिले आणि २०२५ संपण्याआधी सरकारला ती योजना मागे घ्यावी लागली. दर वेळी नव्याने तात्पुरते उभारण्याचा खर्च मोठा असतो, हे सरकारचे म्हणणे खोटे नव्हते. पण बारा वर्षांतून एका महिन्याच्या गर्दीसाठी उरलेल्या १४३ महिन्यांची जमीन द्यायची का, हा शेतकऱ्यांचा हिशेबही कोणत्याही क्लाउड अभियंत्याला तपासून पाहता येईल असा होता. २०२८ च्या उन्हाळ्यात त्याच शेतांत पुन्हा तंबूंच्या खुंट्या ठोकल्या जातील, आणि पावसाआधी त्या उपटून, जमीन नांगरून, सोयाबीनसाठी मोकळी करून द्यावी लागेल.