पगार, पायऱ्या आणि सरकारी मदत

लहान कारखान्यांची पगारपत्रके तयार करणे हा माझा व्यवसाय. २००९ च्या सुमाराची गोष्ट. मी एका मालकांना म्हटले, "शेठ, हिशेबाला आलेला तो मुलगा घ्या. पोलिओने पाय अधू आहेत, पण काम चोख आहे. शिवाय सरकारची नवी योजना आहे." त्यांनी जिन्याकडे बोट दाखवले. "योजना ठीक आहे हो, पण ऑफिस वरच्या मजल्यावर. तो रोज चढणार कसा?" नोकरी त्या जिन्यापाशीच अडली.

योजना अशी होती : १ एप्रिल २००८ पासून खासगी नोकरीत लागलेल्या अपंग व्यक्तीचा पगार दरमहा २५ हजार रुपयांपर्यंत असेल, तर भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांतला मालकाचा हिस्सा केंद्र सरकारने तीन वर्षे भरायचा. आठ हजार पगार धरा. १२ टक्क्यांनी निधीचे ९६० रुपये, तेव्हाच्या पावणेपाच टक्के दराने विम्याचे ३८०. महिन्याला १,३४० रुपये वाचले. पण जिथे निधीच कापला जात नाही अशा दुकानांत, वर्कशॉपांत ही मदत पोहोचणार कशी? आणि जिन्याचे काय?

मग सरकारी अनुदानावर अपंगांसाठी वेगळे कारखानेच काढले तर? ब्रिटनने ते करून पाहिले. १९४४ च्या कायद्यातून 'रेम्प्लॉय' ही कंपनी उभी राहिली. पहिला कारखाना १९४६ मध्ये वेल्समधल्या ब्रिजेंड येथे निघाला. हजारोंना पगार आणि सोबती मिळाले, पण तोटा सरकारच्या माथी राहिला. २०११ मध्ये लिझ सेस यांच्या अहवालाने हिशेब मांडला : कारखान्यातल्या एका कामगारामागे वर्षाला सुमारे २५ हजार पौंड. उलट, नेहमीच्या नोकरीत मदत करणाऱ्या 'ॲक्सेस टू वर्क' योजनेत माणशी सरासरी सुमारे २,९०० पौंड. त्या योजनेत टॅक्सीभाडे, खास उपकरणे, खुणांच्या भाषेचा दुभाषी यांसाठी पैसे मिळतात. मदत कामगाराच्या गरजेप्रमाणे ठरते.

हिशेब बिनचूक होता. तरी २०१२-१३ मध्ये रेम्प्लॉयचे कारखाने बंद झाले किंवा विकले गेले, तेव्हा अनेक कामगारांना दुसरे काम मिळालेच नाही. पर्याय हाती येण्याआधी आधार काढून घेतला, की असे होते.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, खासगी आस्थापनांत किमान पाच टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यायचे आहे. मला वाटते, ते देताना हप्त्याबरोबर पायऱ्याही मोजाव्यात.

त्या शेठजींनी पुढच्या वर्षी हिशेबाचे टेबल तळमजल्यावर आणले. खर्च आला दोन हमालांच्या मजुरीचा. तोवर तो मुलगा गावी परतला होता.