नाव सर्वांचे झाले तर?

घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली की नावांची यादी सुरू होते. पूर्वी ही यादी आजीच्या आणि आत्याच्या ओठांवर असे. आता ती सुनेच्या मोबाइलमध्ये असते आणि बारशापर्यंत कुणाला दाखवली जात नाही. ‘नाव आत्ताच सांगू नका, दुसरे कुणी ठेवतील’ अशी ताकीद घरातल्या घरातच दिली जाते. तेवढ्यात धाकट्या जाऊबाईंनी तेच नाव आपल्या मुलाला ठेवले, तर दोन घरांतले बोलणे तुटण्यापर्यंत गोष्ट जाते.

ही काळजी अगदीच निराधार नाही. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी गोत्राचे किंवा गावाचे आडनाव सोडून केवळ ‘जैन’ लिहिण्यास सुरुवात केली. त्यामुळे नाव आणि आडनाव दोन्ही सारखी असलेली मुले एकाच वर्गात बसतात. पुढे बँकेत, आयकराच्या कागदांत आणि प्रवासाच्या तिकिटांवरही तोच घोटाळा होतो. आपल्या मुलाला हाक मारावी आणि तिघांनी वळून पाहावे, हे कोणत्याही आईला रुचत नाही.

परंतु नावे सामान्य होतात ती बहुधा वेगळेपणाच्या हौसेमुळेच. नाव लहान असावे, संस्कृत असावे, राशीच्या अक्षराचे असावे, इंग्रजीत लिहिण्यास सोपे असावे आणि शेजाऱ्यांनी ऐकलेले नसावे, अशा अटी सर्वच आईवडील घालतात. अटी सारख्या असल्या की उत्तरेही सारखीच येतात. गर्दी टाळण्यासाठी निघालेले सर्वजण अखेर एकाच दारात भेटतात. ‘आरव’, ‘विहान’ ही नावे काही वर्षांपूर्वी किती नवी वाटत होती. आज ती हजेरीपटावर सर्रास आढळतात.

आपल्या परंपरेने नावाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले आहे. पर्युषणात ज्याचे वाचन होते त्या कल्पसूत्रात सांगितले आहे की, बालक गर्भात आल्यापासून सिद्धार्थ राजाच्या घरी धनधान्याची वृद्धी होऊ लागली; म्हणून बाराव्या दिवशी आप्तेष्टांना भोजन देऊन त्याचे नाव ‘वर्धमान’ ठेवले. वामा राणीने गर्भावस्थेत रात्रीच्या अंधारात आपल्या बाजूने जाणारा सर्प पाहिला, म्हणून पुत्र ‘पार्श्व’. गर्भाच्या प्रभावाने रोगराई शमली, म्हणून ‘शांति’. नाव दुर्मीळ आहे का, हा प्रश्न तेथे कुणी विचारला नाही. त्या घरात काय घडले, याची नावात नोंद झाली.

पुढे हीच नावे हजारो घरांनी घेतली. सांगली-कोल्हापूरकडील दिगंबर जैन घरांत आदिनाथ, नेमिनाथ, बाहुबली ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. अन्यत्र मुलीचे मानले जाणारे ‘शीतल’ हे नाव तेथे दहाव्या तीर्थंकरांच्या स्मरणार्थ मुलाला ठेवतात. एकाच गावात चार नेमिनाथ असले म्हणून कुणाला आपले नाव शिळे झाल्यासारखे वाटत नाही.

व्यापाऱ्यांनी तर या अडचणीवर केव्हाच उपाय शोधला होता. आपल्या नावापुढे पित्याचे नाव जोडले की ओळख पक्की होई. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद अशा पितापुत्रांच्या जोडनावानेच देशाला ठाऊक झाले. त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट १९१९ मध्ये इंग्लंडकडे निघाली. त्याच वर्षी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. महाराष्ट्रात भाऊराव पुष्कळ झाले. परंतु ‘कर्मवीर’ म्हटले की एकच चेहरा डोळ्यांसमोर येतो.

म्हणून आवडलेले नाव केवळ लोकप्रिय होईल या भीतीने टाकू नये. ते का आवडले, हे मुलाला मोठेपणी सांगता येईल का, एवढे पाहावे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असली तरी मुलाचे नाव त्या नोंदीत वर्षभरात विनाशुल्क घालता येते. तेव्हा घाईचे कारण नाही. शाळेत आणि कागदपत्रांत पित्याचे किंवा मातेचे नाव पूर्ण लिहावे. वेगळेपणासाठी इंग्रजी अक्षरे वाढवून नाव वाकवू नये. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असे झाले की त्रास मुलालाच होतो. आणि जाऊबाईंनी तेच नाव आधी ठेवले, तर दोघींची आवड एक निघाली याचा आनंद मानावा. घरात एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणता येते. तुटलेले बोलणे जोडणे मात्र कठीण जाते.

आपल्या खतावणीत ‘जमा’ आणि ‘नावे’ अशा दोन बाजू असतात. ज्याने घेतले, त्याच्या नावे रक्कम पडते. बारशाच्या दिवशी बालकाच्या नावे असाच एक शब्द पडतो. तो आईवडिलांनी दिलेला असतो. जमेची बाजू त्याला स्वतः भरावी लागते. कल्पसूत्र सांगते की, ‘वर्धमान’ हे नाव मातापित्यांनी दिले. ‘महावीर’ हे नाव मात्र संकटांत अचल राहिल्यामुळे मिळाले.