लॅबमधला जुना डेस्कटॉप: अपग्रेड की नवा?

माझा डेस्कटॉप २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क. डेटा फाइल उघडायला लावून चहा पिऊन यायचं. सर म्हणाले, "नव्याचं कोटेशन आण." मी आधी मोजून बघितलं.

तुम्हीही नेहमीचं काम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. माझ्याकडे सीपीयू १० टक्क्यांवर निवांत, रॅम भरलेली, डिस्क १०० टक्के. रॅम संपली की विंडोज डेटा डिस्कवर टाकतं, आणि प्रोसेसर बिचारा वाट बघत बसतो. इथे एसएसडी आणि रॅमवर भागतं. एसएसडी पुढे नव्या मशीनलाही लावता येते. डीडीआर-३ रॅम नाही, म्हणून ती सेकंड-हँड घेतली.

४ कोअरवर सीपीयू २५ टक्के दिसला तर मात्र फसू नका, एक कोअर पूर्ण भरलेला असू शकतो. तिथे रॅम वाढवून काही होत नाही. आधी कोड बघा, मग नवा प्रोसेसर.

आणखी एक गोची: विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला असा जुना प्रोसेसर चालत नाही. मी उबुंटू टाकलं. तुमच्या उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तर कोटेशन आणाच.

आणि हो, डिस्क काढण्याआधी थिसिसचा बॅकअप. दोन ठिकाणी.