जर्मनचा रस्ता मराठीवरून

सातवीचा निकाल लागला की शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या घरांत एक चर्चा हमखास रंगते. आठवीला संस्कृत घ्यायचे, फ्रेंच घ्यायचे की जर्मन? चर्चेत भाषा फारशी नसते, असतात ते गुण. शेजारच्या मुलीला कशात किती पडले, कोणता क्लास जवळ आहे, एवढ्यावर निर्णय होतो. पुढची तीन वर्षे मूल तो ‘स्कोअरिंग’ विषय पाठ करते आणि दहावीचा शेवटचा पेपर झाला की पुस्तके रद्दीत जातात. पुण्यात या वयाच्या मुलांना मी अनेक वर्षे जर्मन शिकवते आहे, त्याआधी काही काळ फ्रेंचही शिकवले. गुणांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परीक्षा आहे तोवर गुण राहणारच. माझा प्रश्न वेगळा आहे. मराठी घरातल्या मुलांना या भाषा आपण इंग्रजीच्याच खिडकीतून का दाखवतो?

वर्गात पहिली अडचण लिंगाची. जर्मनांच्या जेवणाच्या टेबलावर चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण ज्याच्या घरी तो चमचा, ती वाटी आणि ते ताट सुखाने एकत्र नांदतात, त्याला यात नवल ते काय? हिंदीत लिंगे दोन, फ्रेंचमध्येही दोनच. मराठी आणि जर्मन दोन्हींत तीन.

पुढे चतुर्थी येते. ‘पुस्तक मला आवडते’ या वाक्यात आवडण्याचे काम पुस्तक करते आणि ‘मी’ची ‘मला’ होते. जर्मन ‘दास बूख गेफेल्ट मिअर’ची रचना नेमकी हीच. इंग्रजीत मात्र आवडून घेणारा कर्ता होऊन पुढे बसतो, आणि इंग्रजीतून विचार करणारे मूल तिथेच अडते. ‘मला थंडी वाजते’ म्हणताना आपण ‘मला’ म्हणतो. जर्मन माणूसही थंडीच्या बाबतीत ‘मिअर’च म्हणतो. ‘कारण मी आजारी आहे’ या वाक्यात आपले क्रियापद शेवटी येते. जर्मनमध्येही ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, आले की क्रियापद मुकाट्याने शेवटी जाऊन बसते.

आकड्यांची गंमत तर विचारूच नका. जर्मन माणूस बत्तीस म्हणताना आधी दोन म्हणतो, मग तीस. आपल्या बत्तिशीतही दोन आधीच येतात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा केवढा वाद झाला होता! त्या वेळी माझ्या वर्गात मात्र जर्मन आकड्यांच्या निमित्ताने मुले एकवीस, बावीस नव्याने शिकत होती. फ्रेंच माणूस सत्तरला ‘साठ-दहा’ आणि ऐंशीला ‘चार-वीस’ म्हणतो, हे ऐकून मुले हसतात. मग मी त्यांना सांगते, खेड्यातल्या आजीला विचारा. तीही विसांवर मोजायची आणि तिचे ऐंशी म्हणजे चार विसाच असायचे.

शब्द घ्या. ‘हांटशू’ म्हणजे हाताचा जोडा. आपला हातमोजा त्याचाच मावसभाऊ. ‘क्रांकेनहाउस’ म्हणजे रुग्ण अधिक आलय. जर्मन ‘डू’ आणि ‘झी’, फ्रेंच ‘त्यू’ आणि ‘वू’ यांतला फरक समजावायला इंग्रजीत परिच्छेद लागतो. मराठीत दोन शब्द पुरतात: तू आणि तुम्ही. आणि फ्रेंचचे नाकातले स्वर ऐकून पुण्यातली मुले बिचकतात, पण मालवणी घरातून आलेल्या मुलाला नाकातून बोलायला कुणी शिकवावे लागत नाही.

यातली काही साम्ये वारशाची, काही योगायोगाची. संस्कृत आणि युरोपीय भाषांच्या क्रियापदांचे नाते फ्रांत्स बोप्प या जर्मन विद्वानाने 1816 साली मांडले. ज्यांच्या नावाने आपल्याकडची जर्मन केंद्रे ‘माक्स म्युलर भवन’ म्हणून ओळखली जातात, त्या म्युलरांनी भारतात पाऊल न टाकता ऋग्वेद संपादित केला. एवढा जुना शेजार असून आमच्या वर्गात त्याचा उल्लेखही नसतो. अर्थात मराठी आली म्हणजे जर्मन आपोआप येते, असे नव्हे. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी; घोकंपट्टी सुटत नाही. मात्र ज्या पायरीवर मुले धडपडतात, ती पायरी त्यांच्या घरातच आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

हे सांगणे आता निकडीचे झाले आहे. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, नळजोडणी करणारे अशांची तिथे गरज आहे. हे तरुण येतात ते बहुधा जिल्ह्या-तालुक्यांतल्या मराठी शाळांमधून. आठवीत जर्मन मिळते ते बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या मुलांना, आणि जर्मन ज्यांची भाकरी ठरू शकते त्यांना ती विशीत, तीही इंग्रजी स्पष्टीकरणांतून शिकावी लागते. मग एका परक्या भाषेसाठी दोन परक्या भाषांशी झुंजणे आले. अशी हुशार, कष्टाळू मुले महिन्या-दोन महिन्यांत वर्ग सोडताना मी पाहिली आहेत. त्यांना जर्मन कठीण गेले नव्हते. इंग्रजीतले व्याकरण कठीण गेले होते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. माध्यमिक शाळेच्या जर्मन आणि फ्रेंच पुस्तकांत प्रत्येक धड्याखाली मराठीशी तुलना करणारे अर्धे पान असावे. शिक्षकाला वर्गात मराठी बोलायची लाज वाटू नये. आणि ही पुस्तके मराठी शाळेच्या आठवीतही पोचावीत. असे झाले, तर दहावीनंतर जर्मन विसरलेल्या मुलाजवळही काहीतरी उरेल. ‘मला आवडते’ या साध्या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही, हे त्याला कळलेले असेल. आपल्या भाषेकडे असे कुतूहलाने पाहण्याची सवय लागली, तर गुण थोडे कमी पडले तरी बिघडले कुठे?